ग्रीन बाँड, संस्थांचा दर्जा आणि कार्बन: माझ्या डिझर्टेशनचा अनुभव

एमएच्या डिझर्टेशनला मी विषय घेतला होता की संस्थांचा दर्जा (म्हणजे देशाचा कायदा-कारभार किती चांगला चालतो) आणि ग्रीन फायनान्स (पर्यावरणपूरक प्रकल्पांना मिळणारा पैसा) यांचा कार्बन उत्सर्जनावर काय परिणाम होतो. हाच विषय कोणी घेत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

आधी कार्बनचा डेटा. तो दोन तऱ्हेने मोजतात, एक म्हणजे देशाच्या हद्दीत किती उत्सर्जन झालं, आणि दुसरं म्हणजे तिथले लोक ज्या वस्तू वापरतात त्या बनवताना किती झालं, मग त्या कुठल्याही देशात बनलेल्या असोत. श्रीमंत देशातले कारखाने बाहेर गेले की पहिला आकडा खाली येतो आणि वाटतं चांगल्या कारभारामुळे आला, म्हणून दोन्ही आकडे घ्याच.

संस्थांसाठी वर्ल्ड बँकेचे गव्हर्नन्स इंडिकेटर्स घेतले. 1996 पासूनचे आहेत, आधी वर्षाआड, मग 2002 पासून दरवर्षी. कायद्याचं राज्य, भ्रष्टाचारावर नियंत्रण, सरकारची कार्यक्षमता वगैरे सहा आहेत पण सहाही एकदम रिग्रेशनमध्ये (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजण्याची संख्याशास्त्रीय पद्धत) टाकून काही धड हाती लागत नाही कारण एक चांगला असला की बाकीचेही बहुतेक चांगलेच असतात, त्यामुळे पीसीए (एकमेकांशी जुळणारे आकडे एकत्र करण्याची पद्धत) करून एकच इंडेक्स काढला. दुसरी अडचण, संस्था फार हळू बदलतात. फिक्स्ड इफेक्ट, म्हणजे प्रत्येक देशासाठी मॉडेलमध्ये स्वतंत्र स्थिर आकडा, लावला की देशादेशांतला कायमचा फरक त्यातच जातो आणि इंडेक्सच्या वाट्याला फार थोडं उरतं.

पण खरा कस लागतो तो ग्रीन फायनान्स मोजताना. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने 2007 मध्ये पहिला ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक कामांसाठी बाजारातून घेतलेलं कर्ज) काढला, वर्ल्ड बँकेने 2008 मध्ये, आणि सरकारांमध्ये पहिला नंबर पोलंडचा, तोही 2016 च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे इतिहास छोटा, कितीतरी देशांच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य. त्यात पुन्हा ग्रीन कशाला धरायचं हा वाद आहेच, चीनच्या यादीत 2021 पर्यंत 'स्वच्छ कोळसा' बसत होता, आणि रेप्सोल या तेल कंपनीने 2017 मध्ये रिफायनऱ्यांची कार्यक्षमता वाढवायला ग्रीन बाँड काढला तेव्हा बरीच टीका झाली. शिवाय हा पैसा बऱ्याचदा आधीच उभ्या असलेल्या प्रकल्पाचं जुनं कर्ज फेडण्यात जातो, त्याने उत्सर्जन नव्याने कमी होत नाही. नुसत्या रकमेवर विश्वास ठेवू नये असं माझं मत इथेच पक्कं झालं.

गाईड मॅडम म्हणाल्या, "दोन्ही वेगवेगळे कशाला बघतेस, गुणून बघ." म्हणजे इंटरॅक्शन टर्म, इंडेक्स आणि ग्रीन फायनान्स यांचा गुणाकार मॉडेलमध्ये घालायचा. त्यानंतर चित्र स्पष्ट झालं. एकट्या ग्रीन फायनान्सचा परिणाम मॉडेल बदललं की डळमळायचा, पण इंडेक्स जिथे वरचा होता तिथे तोच पैसा उत्सर्जन कमी करताना दिसला. मला हे पटतं, कारण पैसा कुठे खर्च झाला हे तपासणारं कोणी असेल, पर्यावरणाचे नियम मोडले की दंड होत असेल आणि वीज खरेदीचे करार सरकार बदललं तरी पाळले जात असतील तरच सोलर-विंडमध्ये पैसा टाकणारा वीस वर्षांचा विचार करतो. असा भरवसा नसेल तर तो व्याज जास्त मागतो, आणि अशा प्रकल्पात बहुतेक खर्च सुरुवातीलाच असल्यामुळे वाढलेल्या व्याजाचा फटका या प्रकल्पांनाच सगळ्यात जास्त बसतो.

उलटा संबंधही असू शकतो, म्हणजे उत्सर्जन कमी होत चाललेले देशच जास्त बाँड काढत असतील, म्हणून सिस्टम जीएमएम (असा उलटा परिणाम वेगळा काढायला वापरतात ती पद्धत) केलं. त्यात इन्स्ट्रुमेंट्सची (त्यासाठी वापरायचे मदतीचे आकडे, बहुतेक मागच्या वर्षांचे) संख्या आवरा, ती देशांच्या संख्येच्या वर गेली की हॅन्सन टेस्टचा (ही इन्स्ट्रुमेंट्स योग्य आहेत का ते तपासणारी चाचणी) निकाल छान दिसतो पण त्याला अर्थ राहत नाही.

वापराच्या हिशोबाने कार्बन घेतला तेव्हा परिणाम टिकला पण बराच बारीक झाला. हे टेबल अपेंडिक्समध्ये ढकलू नका, मुख्य चॅप्टरमध्येच ठेवा, व्हायवामध्ये माझी सगळ्यात जास्त चर्चा त्यावरच झाली.