केपटाउनहून आठवीच्या वर्गात

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचा निरोप आला, तेव्हा ठरवलं की शाळेत असताना जे बोललो नाही तेच लिहायचं.

आमचं घर दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत, हॅनोव्हर स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत होतं. रत्नागिरीकडून तिकडे गेलेल्या कोकणी मुसलमानांपैकी माझे आजोबा एक. गोऱ्यांच्या सरकारने केलेल्या १९५० च्या कायद्याने प्रत्येकाची वंशावरून नोंद झाली. आम्ही ‘भारतीय’, शेजारी ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय. भिंतीला भिंत लागून असलेली घरं, पण सरकारदरबारी वेगवेगळी.

अब्बा आणि अम्मी दोघंही या वर्णभेदी राजवटीविरुद्ध काम करत. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल या काळ्या लोकांच्या वस्तीत पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडून ६९ माणसं मारली. ३० मार्चला केपटाउनजवळच्या लांगा वस्तीतून निषेध करत सुमारे ३० हजार लोक फिलिप कगोसाना या तरुण विद्यार्थ्याच्या मागे चालत शहरात आले. अम्मीने मला हाताला धरून वरच्या डी वाल रस्त्यापर्यंत नेलं. “नीट बघून ठेव,” म्हणाली. आता त्या रस्त्याला कगोसानांचंच नाव आहे. ते ऐकायला अम्मी हवी होती.

घरी रात्री-अपरात्री माणसं यायची. सगळे ‘चाचा’. नाव विचारायचं नाही, कारण जे ठाऊक नाही ते कुणी वदवून घेऊ शकत नाही. झडतीला आलेले पोलीस माझ्या गणिताच्या वह्यासुद्धा चाळत. १९६३ मध्ये आरोप न ठेवता ९० दिवस कोंडून ठेवायचा कायदा आला आणि अब्बांना नेलं. अम्मी धुतलेले कपडे पोहोचवायची, मळलेले घेऊन यायची आणि दार लावून त्यांच्या शिवणी चाचपायची. चिठ्ठी कधी सापडली का, हे तिने मला सांगितलं नाही.

सुटून आल्यावर बंदीहुकूम आला. एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटायचं नाही, जिल्हा सोडायचा नाही, कुठल्याही शाळेत पाऊल ठेवायचं नाही. माझ्या वडिलांना माझ्या शाळेच्या फाटकातून आत येणं हा गुन्हा होता. याचा संताप मला आजही येतो.

मग मला कोकणात नानीकडे पाठवायचं ठरलं. बोट सुटायची त्या डरबनपर्यंतही अब्बांना येता आलं नाही. मामूंनी ‘करंजा’ बोटीने मुंबईला आणलं, पुढे भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट.

आपल्या वर्गात मी गप्प असायचो. वडील काय करतात? दुकान आहे. एवढंच. इतिहासाच्या बाईंनी कधी खोदून विचारलं नाही. पण ११ फेब्रुवारी १९६६ ला डिस्ट्रिक्ट सिक्स गोऱ्यांसाठी राखीव झाल्याची बातमी कळली आणि मी त्यांच्या तासाला आपणहून उभा राहिलो, सगळं सांगितलं. “मग तुमचं घर कोणाला देणार?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. पुढे ६० हजारांहून जास्त माणसं तिथून हलवली, घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी आणि चर्च तेवढी ठेवली. बरीचशी जागा कित्येक वर्षं ओसाडच पडून होती.

हेडमास्तरांचं मात्र आवर्जून सांगायला हवं. प्रगतिपुस्तकावर नानीचा अंगठा चालला असता. पण सर म्हणाले, वडील आहेत ना, मग सही वडिलांचीच हवी. बोटीने जाणाऱ्या कुणासोबत पुस्तक केपटाउनला जायचं आणि अब्बांची सही घेऊन यायचं. इतर मुलांची पुस्तकं दुसऱ्या दिवशी जमा होत, माझं यायला कित्येक महिने लागत. सरांनी त्यासाठी एकदाही दंड केला नाही.