भाच्याची नाडी ४४

गेल्या जानेवारीत फोंड्याहून बहिणीचा फोन आला, तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत भाच्याची नाडी मिनिटाला ४४ भरली होती, ईसीजीच्या कागदावर यंत्राने ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’, म्हणजे हृदयाचे ठोके संथ, असा शेरा छापला होता आणि तपासणाऱ्यांनी तेवढ्यावरून त्याचे प्रमाणपत्र रोखून धरले होते. हा मुलगा त्याच पहाटे फर्मागुडीची चढण सायकलने तीनदा चढून आला होता, हे त्यांनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

पणजीच्या मिरामारला २०१९ साली पहिल्यांदा झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ शर्यतीचे, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे यांचे, वेड त्याला दोन वर्षांपासून लागले आहे. अशा दीर्घ सरावात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाकडे परतणारे रक्तही वाढते आणि ते सामावून घेता घेता डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा कप्पा, हळूहळू ऐसपैस होते. विश्रांतीच्या वेळी शरीराला मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुरते. एरवीचे हृदय ते ७० ठोक्यांत, दर ठोक्याला ७० मिलिलिटर असे पुरवते. भाच्याच्या ४४ ठोक्यांना तेच काम करायला दर ठोक्याला ११० मिलिलिटरच्या आसपास रक्त फेकावे लागते. शर्यतीत मात्र चित्र पालटते, कारण कमाल ठोके सरावाने फारसे वाढत नाहीत. वाढतो तो प्रत्येक ठोक्याचा माल. त्यामुळेच अव्वल खेळाडूंचे हृदय मिनिटाला ३० लिटरहून अधिक रक्त खेळवू शकते.

ही गोष्ट नवी नाही. हेन्शेन या स्वीडिश वैद्याने १८९९ मध्ये बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर बोटांनी ठोकून, केवळ आवाजावरून, त्यांची हृदये मोठी असल्याचे ओळखले होते. आपल्याकडे फणस पिकला की नाही ते असेच ठोकून पाहतात, म्हणून मला या वैद्याविषयी विशेष आपुलकी वाटते.

भीती खरी असते ती हृदयाच्या भिंतीच्या जाडीची. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आनुवंशिक विकारातही हृदयाचे स्नायू जाड होतात आणि तरुण खेळाडू मैदानावर अचानक कोसळण्यामागे तो विकार असू शकतो. इटलीतील ९४७ अव्वल खेळाडूंच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंत फक्त १६ जणांत आढळली, आणि त्या सर्वांचा कप्पाही रुंदावलेला होता. विकारात बहुधा उलटे दिसते: भिंत जाड, कप्पा अरुंद, आणि ठोक्यानंतर सैल पडताना स्नायू अडखळतो. पणजीत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना मी पडद्याशीच उभा होतो. भाच्याची भिंत ११ मिलिमीटर होती, कप्पा ५८, आणि झडप उघडताच रक्त विनासायास आत येत होते. डॉक्टरांनी तरीही घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले होते का, हे खोदून विचारले. तो प्रश्न मला सगळ्या यंत्रांहून मोलाचा वाटला.

सराव थांबला की हे बदल बऱ्याच अंशी ओसरतात. जुलैत ओल्या रस्त्यावर घसरून भाच्याचे गळ्याजवळचे हाड मोडले आणि सायकल सहा आठवडे पडवीत टांगून राहिली. चवथीला मी त्याचे मनगट धरून नाडी मोजली, ती ५९ भरली. बहिणीने देवापुढे साखर ठेवली. भाचा मात्र दिवसभर कोणाशी बोलला नाही.