बाकी ३५९

२चा ३२वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७. ही संख्या मूळ की संयुक्त, हे फक्त वही-पेन्सिलीवर शोधायचं असं मी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. या घराण्यातल्या (२चा घात अधिक १, घातांक १, २, ४, ८ असे दुप्पट होत जाणारे) सगळ्याच संख्या मूळ असाव्यात, असं गणितज्ञ फर्माला १६४० मध्ये वाटत होतं. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पहिल्या पाच तशा आहेतही. ही सहावी.

सम नाही, शेवटी ५ नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ गेला. ११ची कसोटीही झटकन झाली. मग सरळ भागाकार. वर्गमूळ ६५५३६च्या जरासं वर, आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. हे आधी पाहिलं असतं तर बसलेच नसते.

६४१ ही ११६वी मूळ संख्या. तिथवर पोचेपर्यंत अर्धी वही भरली होती. भागाकार छान चालला होता: ६, ७, ०, ०, ४... आणि २६७२ मधून २५६४ वजा करताना उसना घेतलेला एक विसरले. १०८च्या जागी ११८. पुढचं सगळं बिनचूक, बाकी ३५९. ६४१वर फुली मारली आणि ६४३, ६४७, ६५३ करत ७९७पर्यंत गेले. तेवीस भागाकार फुकट! वैताग त्या तेवीसचा नाही, ताळा घेतला नाही याचा आहे. नवाचा ताळा (एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं) दहा सेकंदांत होतो. भागायला घेतलेल्या संख्येचा ताळा ५, माझ्या चुकीच्या उत्तराचा (भागाकार गुणिले ६४१, अधिक बाकी) ६. चूक पकडली गेली असती.

करणार असाल तर आधी हे वाचा, मी नंतर वाचलं. गणितज्ञ ऑयलरनं दाखवलंय की हिचा मूळ विभाजक ६४च्या पटीत १ मिळवूनच येतो. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. त्यातली २५७ तर याच घराण्यातली, आणि या घराण्यातल्या दोन संख्यांना सामाईक विभाजक नसतो, म्हणून तीही बाद. उरले चार भागाकार. त्यानं १७३२ मध्ये ६४१च काढला होता, आणि माझ्या वहीत नेमकी त्यावर फुली.

खोडरबर घेतला. बाकी शून्य, भागाकार ६७,००,४१७.

हा तरी मूळ आहे का? गणितज्ञ ल्युकासनं १८७८ मध्ये ६४ऐवजी १२८ची पट चालते हे दाखवलं. वर्गमूळापर्यंत, म्हणजे २५८८पर्यंत, तपासायला ६४१, ७६९, ११५३, १४०९ एवढेच उरतात. बाक्या ४४, १२०, ३३४, ६२२. मूळ आहे. चारही वेळा ताळा घेतला, हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे संख्या संयुक्त, मूळ अवयव दोनच, वर्गमुक्त (कुठलाही मूळ अवयव दोनदा येत नाही). स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज ६७,०१,०५९, म्हणून न्यून (ही बेरीज संख्येहून कमी), आणि तीही किती न्यून!

भागाकार न करताही ती संयुक्त ठरते, हे सगळ्यात शेवटी कळलं. ६५५३६चा वर्ग अधिक १चा वर्ग हे तर समोरच दिसतं. पण ६२२६४ आणि २०४४९ यांच्या वर्गांची बेरीजही तीच येते, आणि मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन रीतींनी बसत नाही. दोन्ही वर्ग हातानं काढून पाहिले. जुळले.