गुटगुटीत गाल आणि एमआरचा डोस

लसीकरण सत्रात आमच्याकडे प्रत्येक आईला एकच प्रश्न विचारला जातो, "बाळ बरंय ना?" रांगेत उभी असलेली आई "हो" म्हणते आणि मोकळी होते. परवा 22 महिन्यांच्या मुलाची आईही तेच म्हणाली. ताप नाही, वजन 10 किलो, गाल गुटगुटीत. ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे आज द्यायच्या लसींच्या यादीत, एमआरचा (गोवर-रुबेला) दुसरा डोस, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओचे थेंब.

"रोजचं काही औषध चालू आहे का?" असं विचारल्यावर पिशवीतून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची स्ट्रिप निघाली. 10 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, चौथा आठवडा चालू. नेफ्रोटिक सिंड्रोम, लघवीतून प्रथिनं जाणारा मूत्रपिंडाचा आजार. ते गाल स्टेरॉइडचे होते.

किलोमागे 2 मिलिग्रॅम किंवा दिवसाला एकूण 20 मिलिग्रॅम, तेही 14 दिवस किंवा जास्त, असं स्टेरॉइड चालू असेल तर जिवंत विषाणूची लस द्यायची नाही. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, लसीतला क्षीण विषाणूही अशा मुलाला आवरत नाही. स्टेरॉइड बंद झाल्यावर किमान 4 आठवडे थांबायचं. एमआर आणि पोलिओचे थेंब दोन्हींत जिवंत विषाणू, म्हणून एमआर पुढे ढकलली, थेंबही दिले नाहीत. पोलिओचं इंजेक्शन चालतं, त्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. डीपीटीत जिवंत जंतू नसतात, ती मांडीत दिली. परिणाम थोडा कमी होईल, अपाय नाही.

राग याचा येतो की त्याच सकाळी सर्दी झालेल्या बाळाला "पुढच्या वेळी या" सांगून परत पाठवलं होतं. सर्दी, साधे जुलाब, किरकोळ ताप, चालू अँटिबायोटिक, कुपोषण, यातलं काहीही लस टाळायचं कारण नाही. कुपोषित मुलाला तर गोवर फार जड जातो. पण लसीनंतर ताप चढला तर गाव नर्सला धरतं, म्हणून ती आधीच हात काढून घेते. परत गेलेल्या आईची मजुरी बुडते आणि पुढच्या सत्राला ती येईलच असं नाही.

विचारायचं असतं ते वेगळंच: मागच्या लसीनंतर अंगावर गांधी, धाप, झटके असं काही? रोजची औषधं? गेल्या काही महिन्यांत रक्त चढवलं? (चढवलेल्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी एमआर वाया जाते, साध्या रक्तपेशींनंतरही 6 महिने थांबावं लागतं.)

कार्डावर एमआरचा रकाना कोरा ठेवला नाही. कोरा रकाना दिसला की पुढची नर्स सुई भरते. तिथे कारण आणि "स्टेरॉइड बंद झाल्याची तारीख पाहून" असं लाल शाईने लिहिलं.

घोळ उरला तो 4 वर्षांच्या बहिणीचा. थेंबांमधला विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडतो, म्हणजे पल्स पोलिओत तिला थेंब पाजले तर तो घरातच भावापर्यंत पोचेल. तिलाही इंजेक्शनच हवं. हे आशाताईंना समजावलं, त्यांना पटलंही. पण त्या दिवशी दारावर येणारी टीम दुसरीच असते, आणि पाच वर्षांखालचं एकही मूल सुटता कामा नये एवढंच तिला वरून बजावलेलं असतं.