पुंगळीचं तोंड बघा, बूड बघा

पुन्हा भरून वापरायला आणलेल्या पुंगळ्यांची, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांची, पिशवी समोर ओतली की नजर आधी चकचकीत पितळेवर जाते, आणि फसगत तिथेच होते. टंबलरमध्ये (घासून चकचकीत करणाऱ्या फिरत्या पिंपात) दोन तास फिरवली की कोणतीही पुंगळी सोन्यासारखी दिसते. तिचा तडा मात्र जागेवरच असतो. उलट काळवंडलेली, ओरखडे पडलेली पुंगळी पुष्कळदा ठणठणीत निघते.

आधी कायद्याचं सांगते. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. रेंजवरच्या पुंगळ्या खिशात घालून घरी आणू नका. हे लिहिणं परवानगी असलेल्यांसाठी आणि परदेशात राहून नेमबाजी करणाऱ्या नागपूरकरांसाठी आहे.

पहिलं काम जाती, म्हणजे ९ मिमी, .३८०, .४५ अशा काडतुसांच्या मापांप्रमाणे पुंगळ्या, वेगळ्या करण्याचं. ९ मिमीची पुंगळी १९.१५ मिमीपर्यंत लांब असते आणि .३८०ची १७ मिमीच्या आसपास. दोन्ही एकमेकींत इतक्या मिसळून जातात की व्हर्नियर (बारीक मोजमापाची पट्टी) लावल्याशिवाय खात्री होत नाही. लहान पुंगळी मोठीच्या पोटात शिरून बसलेली असते, तीही झटकून काढा. मग लोहचुंबक फिरवा, कारण पितळेचा मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या डोळ्यांना सहज चकवतात. नंतर प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा उजेड टाका. तळाशी मधोमध एकच छिद्र दिसलं तर ती बॉक्सर, म्हणजे कामाची. दोन बारीक छिद्रं असली तर ती बर्डन. तिच्यात प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी छोटी टोपी) काढायची पिन घातली की पिन मोडते. काही ९ मिमी पुंगळ्यांत आतून पायरी असते, खालची भिंत जाड आणि वरची एकदम पातळ. त्या पायरीवरच पुंगळी तुटून दोन तुकडे होतात, म्हणून तशी दिसली की सरळ बाजूला काढा. .४५मध्ये मोठ्या आणि लहान, दोन्ही प्रायमरच्या पुंगळ्या येतात, त्यांचेही ढीग वेगळे करा.

आता तोंड. पिस्तुलाची सरळ भिंतीची पुंगळी रायफलच्या पुंगळीसारखी बुडाजवळ सहसा तुटत नाही, ती तोंडापासून उभी तडकते. दर वेळी दाबून लहान करायची, मग तोंड उघडायचं, मग गोळी बसवायची, या ये-जा करण्यात पितळ कडक होत जातं आणि एक दिवस फाटतं. सुरुवातीचा तडा केसाएवढा असतो, अंगठ्याच्या नखाने कडेवरून फिरवलं की नख अडकतं. कानाने ओळखायची रीत भांडी घेणाऱ्या बायकांना माहीत आहेच: इतवारीत पितळेचा डबा घेताना टिचकी मारून ऐकतात ना, तसंच. पाच-सहा पुंगळ्या ओंजळीत घेऊन हलवा. चांगल्यांचा आवाज किणकिणतो, तडकलेली एखादी असली तर त्यात बोदा आवाज येतो. मग एकेक काढून हलवत जा, गुन्हेगार सापडतो. शंभरांत चार-पाच तडकलेल्या निघाल्या तर उरलेल्यांचंही वय झालंय असं समजावं. तोंडाला नुसता पोचा असेल तर चिंता नाही, साइझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यात) तो सरळ होतो.

बुडाशी दोन गोष्टी. एक फुगवटा: चेंबरचा (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीचा) आधार कमी पडलेल्या जागी रिमच्या, म्हणजे बुडाच्या कडेच्या, वर एका बाजूला पोट सुटलेलं दिसतं. हलका फुगवटा डायमध्ये बसतो, पण तिथे दुमडल्यासारखी तीक्ष्ण रेघ असेल तर ती पुंगळी पुन्हा वापरू नये. दुसरी, प्रायमरचा खड्डा. नवा प्रायमर बसवताना हाताला ठाम विरोध जाणवला पाहिजे. बोटाने ढकलून आत गेला, तर खड्डा सैल झालाय. बुडावर प्रायमरभोवती काजळीचं कडं असेल तर वायू तिथून निसटलाय, तेही याच रोगाचं लक्षण. लष्करी पुंगळ्यांत प्रायमर दाबून पक्का केलेला असतो. तिथे नवा प्रायमर अडतो तो त्या दाबलेल्या कडेमुळे (क्रिंपमुळे), खड्डा खराब म्हणून नव्हे. ती कडा काढून घेतली की पुंगळी चालते.

पुंगळी किती वेळा भरता येते याचं उत्तर काडतूस उडताना आत होणाऱ्या दाबात आहे. ९ मिमीचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), .४५चा २१,००० आणि सेंटर फायर स्पर्धेत चालणाऱ्या .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचा जेमतेम १५,०००. म्हणून .३२ची पुंगळी बऱ्याच जास्त फेऱ्या टिकते.

साठवणीकडे मात्र लोक अगदीच दुर्लक्ष करतात. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. ते ओढून घडवताना आत ताण उरतो, आणि ओलाव्यात अमोनिया मिळाला की पितळ कणाकणांच्या सीमेवरून फाटतं. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात इथे घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची. घोड्याच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली इंग्लंडमधल्या धातुतज्ज्ञांनी दाखवून दिलं. विदर्भात आजही तोच धोका आहे: गोठ्याच्या भिंतीलगत किंवा युरियाची पोती ठेवलेल्या खोलीत पुंगळ्या ठेवू नयेत. अमोनिया असलेलं पॉलिशही लावू नये. चिंच-लिंबाने धुणं चालतं, पण पाच मिनिटं, आणि लगेच स्वच्छ पाण्याने. रात्रभर भिजवली की जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी दिसू लागतं. ते पितळ मेलं म्हणायचं. हिरवा कळंक नुसता वरवरचा असेल तर पुसून निघतो, खाली खड्डे पडले असतील तर नाही. धुतल्यावर नागपूरच्या उन्हात सुकवा. जुलैच्या दमट हवेत ओलसर पुंगळ्या पिशवीत बंद करून ठेवल्या तर केलेली सगळी मेहनत वाया.

प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा, स्वयंपाकघरातली चाळणी यासाठी कधीच घेऊ नका. आणि बाद केलेली पुंगळी तिथल्या तिथे पकडीने चेपून टाका. नाहीतर पुढच्या महिन्यात तीच पुन्हा चांगल्या ढिगात येऊन पडते.