गाडी उंच झाली, पण उड्या काही थांबेनात

पिकअपचं सस्पेन्शन दुसऱ्यांदा बदलून झालं. दुसऱ्यांदा, कारण पहिल्यांदा मी नको तो शहाणपणा केला होता.

रिकामी पिकअप कच्च्या रस्त्यावर मागून का उडते हे ज्याच्याकडे आहे त्याला सांगायला नको. मागचे पाटे (एकावर एक पट्ट्यांच्या स्प्रिंग) टनभर माल डोक्यात ठेवून बनवलेले असतात, आणि आपण मागे टाकतो काय तर एक टूलबॉक्स आणि स्टेपनी! मग पाटा दबतच नाही, खड्ड्याचा दणका सरळ कमरेत. त्यात कंपनीचे साधे शॉकअप (स्प्रिंगच्या उड्या थोपवणारी तेलाची नळी), आडव्या वळ्या पडलेल्या रस्त्यावर अर्धा तास पळवली की आतलं ऑइल तापून फेसाळतं, धक्का धरतच नाही, आणि वळणावर मागचा भाग आपल्या मर्जीने बाजूला सरकतो.

तर यावर उपाय म्हणून मी काय केलं, पुढे स्प्रिंगला स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकला, मागे पाट्यात एक जादा पान घातलं. गाडी 2 इंच वर. दिसायला एकदम खतरनाक, फोटो वगैरे काढून झाले. पण पुढची स्प्रिंग जुनीच, शॉकअप जुनेच, आणि आधीच कडक असलेला मागचा पाटा आता आणखी कडक. नाल्यात तिरकी घातली की एक चाक हवेत आणि नुसतं गरगर फिरतंय, कारण पाटा वाकून चाक खाली सोडायलाच तयार नाही. आणि मागे सलग ॲक्सल असेल तर डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहतो, वर जाते ती फक्त बॉडी. गोळा वर न्यायचा तर मोठे टायरच लागतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं म्हणा.

दुसऱ्यांदा आधी गाडी काट्यावर नेली. रोज जे सामान असतं ते सगळं भरून, टाकी फुल करून, पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा. रोजचं वजन निघालं साधारण 150 किलो, आणि माझ्या डोक्यात होतं 400! स्प्रिंग कायम असणाऱ्या वजनावर निवडायची असते, वर्षातून दोनदा भरणाऱ्या मालावर नाही. म्हणून मागे पातळ आणि जास्त पानांचा पाटा घेतला, खालचं जाड पान माल भरल्यावरच टेकतं. शॉकअप मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, त्यात नायट्रोजन प्रेशरखाली असतो म्हणून ऑइलला फेस कमी येतो आणि एकच नळी असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. पुढे स्पेसर काढून नीट स्प्रिंग आणि वरचे आर्म (चाकाला धरून ठेवणारे दांडे) नवीन, कारण गाडी वर गेली की कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि स्पीडला स्टिअरिंग भिरभिरतं, वळल्यावर आपणहून सरळ येत नाही. अलाइनमेंट तर करायचीच.

बसवताना मी तिथेच स्टूल टाकून बसलो. मिस्त्रीने गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि बुशचे (सांध्यांतल्या रबरांचे) बोल्ट फुल आवळायला घेतले. म्हटलं थांबा, आधी खाली घ्या. पहिल्या वेळी हेच झालं होतं. रबरी बुश लोंबकळत्या अवस्थेत आवळला की गाडी जमिनीवर आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो, राइड कडक लागते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. माझा फाटलेला बुश हातात घेऊन बघितला होता, एका बाजूने पिळून निघालेल्या फडक्यासारखा. मिस्त्री थोडा वैतागला, पण खाली घेतली, गाडी दोनदा दाबून हलवली, मग आवळले. ब्रेकचा होज (रबरी पाइप) चाक पूर्ण खाली सोडून आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघितला, ताणत नव्हता. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवीनच घातले, ते ताणले जातात, जुने परत वापरायचे नसतात.

(आणि हो, यातलं काहीच करायचं नसेल तर आधी कच्च्या रस्त्यावर टायरची हवा 35 psi वरून 24-25 वर आणून बघा, डांबरीवर आलात की परत भरा. अर्धी तक्रार तिथेच मिटते.)

आता तोच वळ्यांचा रस्ता, तोच स्पीड, मागचा टूलबॉक्स आधी पूर्ण वेळ खडखडायचा तो आता मोठ्या खड्ड्यालाच बोलतो. हेडलाइट मात्र झाडांच्या शेंड्यांवर जात होते, ते खाली सेट करून घेतले. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळले तर चारपैकी दोन पाव-पाव आटा फिरले.