फक्त वरून किसलंय

"आत नाही घातलं हो ताई, फक्त वरून किसलंय!"

दादरला सँडविचवाल्या दादांनी चीजचा पिवळा डोंगर कौतुकाने पुढे केला. मी दोनदा 'चीज नको' म्हटलं होतं.

चीज मुरताना त्यात टायरामिन, हिस्टामिन ही काहींचं डोकं उठवणारी रसायनं वाढतात. चेडर, पार्मेजान पोटात गेलं की संध्याकाळी माझं अर्धं डोकं ठणकतं. ताजं पनीर मात्र चालतं. (आईला हे अजून पटलेलं नाही. "दोन्ही दुधाचंच ना गं?")

"डोकं दुखतं," म्हटलं.

"एवढ्याशाने काय होतंय? जैन आहात का?"

हो म्हणाले असते, तर त्यांनी सुरीसुद्धा बदलली असती. आणि मी, वेडी, चीज खरवडून अर्धं सँडविच खाल्लं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून!

आता अंधार करून पडलेय. पुढच्या वेळी खोटं बोलू का?